घरपट्टीचा दर तोच, रक्कम मात्र दुपटीवर : कराचा पाया म्हणजे नक्की काय?

चिऱ्याचं_घर
नमस्कार मंडळी. आमचं गाव गुहागर तालुक्यात. घर आजोबांनी १९६८ साली बांधलेलं, चिऱ्याचं, वर कौलं. यंदा ग्रामपंचायतीची चार वर्षांनी होणारी फेरआकारणी झाली आणि घरपट्टी ६१० वरून १,३४० वर गेली. ग्रामसेवक भाऊसाहेबांना विचारलं, "दर वाढवलात का?" तर म्हणाले, "दर आहे तोच आहे." खोटं बोलणारा माणूस नव्हे तो. मग रक्कम वाढली कशी?

मुलगी बी.ए.ला अर्थशास्त्र घेऊन शिकते. तिने पुस्तकातली व्याख्या वाचून दाखवली : "ज्या वस्तूवर, उत्पन्नावर, मालमत्तेवर किंवा व्यवहारावर कर आकारला जातो तो कराचा पाया." वाक्य समजलं, पण माझ्या पावतीशी त्याचा मेळ बसेना. जाणकारांनी सविस्तर लिहावं. वाडीत सगळ्यांना हाच प्रश्न पडला आहे.

खाडीपलीकडे
दादा, तुमच्या मुलीने वाचलेल्या वाक्यातच तुमचं उत्तर आहे, ते जरा उलगडून सांगतो. मी बरीच वर्षं लेखापरीक्षणाचं काम केलं, त्यात ग्रामपंचायतींची दप्तरं पुष्कळ तपासली.

कराची रक्कम म्हणजे पाया गुणिले दर. आपलं सगळं लक्ष दराकडे असतं, कारण तो जाहीर होतो, त्यावर ग्रामसभेत भांडता येतं. पाया मात्र कार्यालयातल्या नोंदवहीत असतो. दर न हलवता पाया वाढला तरी रक्कम वाढते. तुमच्याकडे तेच झालेलं दिसतं.

आपल्या ग्रामपंचायतींची घरपट्टी पूर्वी क्षेत्रफळावर, म्हणजे चौरस फुटावर होती. २०१५ च्या अखेरीस नियम बदलले आणि ती भांडवली मूल्यावर आली. म्हणजे पायाच बदलला. आधी "घर किती मोठं" हा पाया होता, आता "घर किती किमतीचं" हा आहे. हिशेब असा : इमारतीचं क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा दर, त्यात मिळवायचं क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा (घर जुनं झालं की किंमत कमी धरणारा गुणक), आणि येईल त्या बेरजेला वापराच्या भारांकाने, म्हणजे घर राहतं की व्यापारी यावरून ठरणाऱ्या आकड्याने, गुणायचं. हे झालं भांडवली मूल्य. त्यावर दर हजार रुपयांमागे ठरलेला दर लावला की घरपट्टी.

समजण्यापुरते सोपे आकडे घेऊ, तुमच्या गावचे वेगळे असतील. घर ८० चौरस मीटर, जमिनीचा दर ५०० रुपये, बांधकामाचा दर १२,००० रुपये, भांडवली मूल्याच्या हजारी दर १ रुपया, राहतं घर म्हणून भारांक १. घसाऱ्याचा गुणक ०.८० धरला तर जमिनीचे ४० हजार अधिक बांधकामाचे ७ लाख ६८ हजार, म्हणजे ८ लाख ८ हजार. पट्टी ८०८ रुपये. तेच घर जुनं आहे म्हणून गुणक ०.३० धरला, तर ४० हजार अधिक २ लाख ८८ हजार, म्हणजे ३ लाख २८ हजार. पट्टी ३२८ रुपये. दर दोन्हीकडे एकच, घरही एकच. फक्त एका रकान्यातलं वय बदललं.

म्हणून आधी ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ बघा. ती कर आकारणीची नोंदवही. नमुना ९ ही मागणीची, तिथे फक्त रक्कम दिसेल. पाया दिसतो तो आठमध्ये. क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचं वर्ष आणि वापर हे चार रकाने उतरवून आणा.

बंदरावरची
छान समजावलंत. मला एक शंका आहे. पेपरात नेहमी येतं की "कराचा पाया विस्तारला", आणि खाली आकडा असतो विवरणपत्रं भरणाऱ्यांचा. मग पाया म्हणजे माणसं की वस्तू?

खाडीपलीकडे
ताई, पाया म्हणजे माणूस नव्हे. माणूस करदाता. पाया म्हणजे ज्यावर दर लागतो ती रक्कम, वस्तू, मोजमाप. करदाते वाढले की बहुतेक वेळा पायाही वाढतो म्हणून पेपरवाले दोन्ही एकत्र लिहितात. पण दहा लाख नवीन लोकांनी विवरणपत्र भरलं आणि त्यातल्या बहुतेकांचं करपात्र उत्पन्न शून्य निघालं, तर पाया जवळपास होता तिथेच राहतो.

बंदरावरची
हे पटलं, कारण आमच्याच घरात याचं उदाहरण आहे. आमची होडी हर्णै बंदरावर लागते. संध्याकाळी वाळूवर लिलाव होतो. बघणाऱ्याला वाटतं, आज लाखाची मासळी गेली म्हणजे नाखवा लाखाचा धनी झाला. पण आमच्या घरची वही बघा. पहिल्या ओळीला लिलावाची रक्कम. त्याखाली डिझेल, बर्फ, खलाशांचं रेशन, जाळ्याची डागडुजी. ते वजा झाल्यावर वाटे पडतात, खलाशांचे आणि होडीचे. आमच्या हाती येतो होडीचा वाटा, त्यातूनही इंजिनाचा हप्ता जातो. १ जून ते ३१ जुलै बंदी असते तेव्हा ही वही कोरी असते आणि हप्ता मात्र चालूच असतो.

आयकराचा पाया हा धंद्याचा खर्च वजा जाऊन उरलेला आकडा आहे, पहिल्या ओळीतला नव्हे. हप्त्यातलं व्याज तेवढं खर्चात धरतात, मुद्दल नाही. मी हे आमच्या सोसायटीतल्या बायकांना सांगते तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही. त्यांना वाटतं, बँकेत जमा झालं ते सगळं कराला धरतात. या भीतीपायी काहीजणी बँकेत पैसे ठेवायलाच तयार नसतात, आणि मग कर्ज मागायला गेलं की दाखवायला काहीच नसतं. वर्षाचा खर्च लिहून ठेवा म्हणून मी घसा कोरडा करते. ज्याची वही नीट, त्याचा पाया खरा.

कलमांची_बाग
बंदरावरच्या ताईंनी मासळीचं लिहिलं, मी आंब्याचं लिहितो, कारण दोघांत एक मोठा फरक आहे आणि कोकणातल्या पुष्कळांना तो माहीत नसतो. मी देवगडचा बागायतदार.

१९६१ च्या आयकर कायद्याने शेतीचं उत्पन्न केंद्राच्या आयकराच्या पायाबाहेर ठेवलं. संविधानाप्रमाणे शेती उत्पन्नावर कर लावायचा अधिकार राज्याचा, केंद्राचा नाही. त्यामुळे माझ्या कलमांचा हापूस पेटीत भरून वाशीला गेला तर ते उत्पन्न पायात नाही. आयकरासाठी मासेमारी मात्र शेतीत धरत नाहीत. म्हणजे शेजारी शेजारी दोन घरं, एकाची बाग, एकाची होडी, दोघंही निसर्गाच्या भरवशावर, पण कायद्याच्या दृष्टीने एकाचं उत्पन्न पायाच्या बाहेर आणि दुसऱ्याचं आत.

आता त्याच हापूसचं पुढे काय होतं ते बघा. डागी, बारका, वाऱ्याने पडलेला आंबा कॅनिंगला जातो. मी बागेत तो किलोवर विकला तोवर तो शेतमाल. कारखान्यात त्याची साल निघाली, रस झाला, डब्यात बसला, की त्या कारखान्याचा नफा आयकराच्या पायात आला आणि डब्यावर जीएसटीही लागला. ताज्या फळावर जीएसटी नाही, ताज्या मासळीवरही नाही. मी स्वतः घरच्या घरी रस काढून डबे विकू लागलो तेव्हा हे शिकलो. बागेचं उत्पन्न वेगळं आणि रसाचा धंदा वेगळा असा हिशेब ठेवावा लागतो. आंबा पिकवणं, निवडणं, पेटीत भरणं इथपर्यंत शेती. त्यापुढे धंदा.

अजून एक. शेती उत्पन्न करमुक्त असलं तरी ज्याला दुसरं उत्पन्नही आहे त्याच्या बाबतीत दर ठरवताना ते हिशेबात घेतात. शेती उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांच्या वर आणि बाकीचं उत्पन्न करमर्यादेच्या वर असेल तेव्हा. म्हणजे ते पायात नाही, पण दरावर त्याची सावली पडते.

माहेर_मालवण
मग मोठ्या बागायतदारांचं उत्पन्न पायात यायला नको का? शाळेतल्या बाईंच्या पगारातून दरमहा कर कापला जातो आणि पन्नास एकर कलमं असणाऱ्याला काहीच नाही. हे मला न्यायाचं वाटत नाही.

कलमांची_बाग
तुमचं म्हणणं मी टाळणार नाही. मोठ्या बागेला सूट का, याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. पण पाया मोजता यायला हवा. पगार महिन्याला एकच आकडा असतो. बागेचं तसं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, श्रीवर्धन, दिवेआगरकडच्या नारळी-पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात, ऐन आंबा उतरवायच्या दिवसांत, तौक्ते आलं. माड पुन्हा उभा राहायला कितीतरी वर्षं लागतात. एका वर्षाचं उत्पन्न धरून कर लावला तर वाईट वर्षाचं नुकसान कोण धरणार? नुकसान पुढे ओढायची सोय ठेवून, बऱ्याच वरची मर्यादा घालून कर लावला, तर माझा विरोध नाही. छोट्या खातेदाराला त्यात ओढू नये एवढंच.

माहेर_मालवण
एवढं तुम्ही मान्य केलंत याचं बरं वाटलं.

मला मिठाचं आठवतंय. माझं आजोळ शिरोड्याजवळ. मे १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, आजी तेव्हा लहान होती. ती म्हणायची, "मीठ भिकाऱ्याकय लागता नि राजाकय." पुढे अर्थशास्त्र वाचताना कळलं की आजी कराच्या पायाबद्दलच बोलत होती. मिठाचा पाया सगळ्यात रुंद. मीठ न खाणारं घर नाही, महागलं म्हणून कोणी मीठ सोडत नाही, त्यामुळे सरकारला वसुली पक्की. आणि नेमकं त्याचमुळे तो कर जाचक होता. गरिबाच्या कमाईतला त्याचा वाटा श्रीमंताच्या कितीतरी पट. १९४७ मध्ये तो रद्द झाला.

तेव्हा "पाया रुंद करा, दर कमी ठेवा" हे ऐकायला बरं वाटलं तरी कशाचा पाया रुंद करताय हे विचारलंच पाहिजे.

मुंबईकर_गणपतीला_येणार
माझा वेगळा मुद्दा. आमचं घर वर्षाचे अकरा महिने बंद. गणपतीत आणि शिमग्याला उघडतं. तरी घरपट्टी पूर्ण. आम्ही ना रस्ता वापरत ना दिवे. हे बरोबर आहे का?

खाडीपलीकडे
तुमची तक्रार मी प्रत्येक गावात ऐकली आहे. घरपट्टीचा पाया घर आहे, घराचा वापर किती दिवस होतो तो नाही. तो पाया वापरावर ठेवला असता तर कोकणातल्या निम्म्या वाड्यांची पट्टी बुडाली असती, आणि मग चतुर्थीला तुम्ही उतरता तेव्हा एसटी थांबते तिथून घरापर्यंतची पाखाडी, ती दगडी पायवाट, कोणी दुरुस्त केली असती? आपल्या बहुतेक ग्रामपंचायतींना स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न फार थोडं. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर, पाणीपट्टी, बाजार असेल तिथे बाजार फी. बाकी सगळं अनुदान.

पाणीपट्टीचं मात्र बोला. नळजोडणी बंद ठेवायचा अर्ज दिला नसेल तर बंद घरालाही ती लागत राहते. अर्ज करा.

मुंबईकर_गणपतीला_येणार
करतो. पाखाडीचं तुम्ही म्हणालात ते खरं आहे, ती आमच्याच दारावरून जाते.

जांभा_आणि_डोंगर
इथे एक गोष्ट घालावीशी वाटते. आमच्याकडे चिरेखाणी आहेत. खाणवाला ब्रासवर स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, भरतो. गावात सगळे त्याला "सरकारचा कर" म्हणतात. पण २५ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ८ विरुद्ध १ अशा बहुमताने सांगितलं की खनिजावरचं स्वामित्वधन हा कर नाही, तो खनिज काढू दिल्याचा मोबदला आहे. त्यामुळे खनिज असलेल्या जमिनीवर राज्यं वेगळा कर लावू शकतात. म्हणजे एकाच डोंगरातून दोन प्रकारची रक्कम येऊ शकते, काढलेल्या दगडाचा मोबदला आणि जमिनीवरचा कर.

ब्रास हे माप आहे, किंमत नाही, हेही लक्षात घ्या. डिझेलचंही तसंच. केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागे ठरलेलं, राज्याचा व्हॅट किमतीवर टक्क्यांनी. डिझेल महागलं की लिटरवाला पाया तेवढाच राहतो, किमतीवाला आपोआप फुगतो. मच्छीमारांना डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा मिळतो, तो वेळेवर मिळाला नाही की बंदरावर काय होतं ते ताई सांगतील.

बंदरावरची
परतावा थकला की उधारी चढते. पंपाची उधारी, मग बर्फाची, मग खलाशाला उचल द्यायला पैसे नाहीत. एवढंच लिहिते.

जुनी_दप्तरं
सगळा धागा वाचला. रत्नागिरी जिल्ह्याचा इतिहास हा माझ्या आवडीचा विषय, म्हणून एक भर.

पाया किती हे ठरवणार कोण, हा प्रश्न कोकणात फार जुना आहे. खोतीच्या गावांत सरकारसाठी सारा गोळा करणारा खोत असे. पीक उभं असताना तो शेतावर येऊन अंदाज करायचा, त्याला अभावणी म्हणत. त्या अंदाजावर कुळाने द्यायचा हिस्सा ठरे, कुठे अर्धेल म्हणजे निम्मा, तर कुठे तिर्धेल म्हणजे एक तृतीयांश. हिस्सा ठरलेला, म्हणजे दर माहीत. पण पीक दहा मण आहे की चौदा, हे खोताच्या नजरेवर. कुळाच्या घरात भात किती उरणार ते शेताच्या बांधावर त्या एका वाक्यात ठरायचं, आणि त्यावर दाद मागायची जागा कुळाजवळ जवळपास नव्हतीच.

अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ मध्ये शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप केला, खोतांची जमीन कसायचीच नाही असं ठरवून. तो वर्षानुवर्षं चालला. ज्यांच्या घरी दुसरं काही नव्हतं त्यांनी पडीक शेतांकडे बघत ती वर्षं काढली. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती रद्द करणारा कायदा आला तो १९४९ चा.

चिऱ्याचं_घर, तुमच्याकडे आज जी नोटीस आली आहे तिच्यावर हरकत घ्यायची मुदत छापलेली असते. ती साधी गोष्ट समजू नका. आपल्या पणजोबांना ती मिळाली नव्हती.

चिऱ्याचं_घर
मंडळी, मंगळवारी ग्रामपंचायतीत जाऊन आलो. खाडीपलीकडे यांनी सांगितलं तसा नमुना ८ मागितला. भाऊसाहेबांनी जाड रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं. आमच्या घराच्या ओळीत बांधकामाचा प्रकार "आर.सी.सी." आणि बांधकामाचं वर्ष २०१३.

मी पाच मिनिटं तसाच बघत राहिलो. मग आठवलं. २०१३ मध्ये आम्ही मागच्या बाजूला न्हाणीघर बांधलं, त्याला स्लॅब घातला. त्या वेळी नोंद करताना कोणीतरी त्या न्हाणीघराचं वर्ष आणि प्रकार सगळ्या घराला लावला. ओटी, माजघर, पडवी, सगळं स्लॅबचं आणि बारा-तेरा वर्षांचं झालं. गोठासुद्धा राहत्या घराच्या क्षेत्रफळात धरलेला. आठ-नऊ वर्षं झाली गुरं जाऊन, आता तिथे सरपण असतं.

घरी येऊन आजोबांची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी १९७१ ची घरपट्टीची पावती सापडली, घडीवर फाटलेली, पण घर क्रमांक स्पष्ट. तिची प्रत, घराचे चारी बाजूंनी फोटो आणि लेखी हरकत असं सगळं जोडून दिलं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली.

खाडीपलीकडे
उत्तम. पोच जपून ठेवा. निर्णय पटला नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येतं. सुनावणीला जाल तेव्हा घर मोजायची मागणी करा, कागदावर वाद घालू नका.

चिऱ्याचं_घर
सुनावणी झाली, घरही मोजलं. शिपाई आणि भाऊसाहेब टेप घेऊन आले होते. एक टोक माझ्या मुलीने धरलं.

जुनं घर आणि न्हाणीघर आता दोन वेगळ्या ओळींत आलं. जुन्या घराचं वर्ष १९६८, बांधकाम चिरा व कौल. गोठा वेगळा. पण मोजताना मागच्या दोन खोल्यांपाशी भाऊसाहेब थांबले. त्या खोल्या आम्ही दिवाळीत आणि मे महिन्यात पर्यटकांना देतो. त्यांची नोंद राहतं घर म्हणूनच होती. त्यांनी विचारलंही नसतं कदाचित, पण मुलगी टेप धरून उभी होती आणि आदल्याच रात्री मी तिला भारांक समजावला होता. मी सांगितलं की या दोन खोल्यांचा वापर व्यापारी आहे, तसं लिहा. त्यांनी लिहिलं. त्या दोन खोल्यांना भारांक जास्त लागला.

नवीन मागणी ८७० रुपये. मी भरली, पावती पेटीत ठेवली.

आता वाडीचं. रजिस्टर चाळताना दिसलं की खाली रस्त्याला लागून झालेल्या चार नव्या बंगल्यांची ओळच नाही, आणि वरच्या आळीतल्या दोन पडलेल्या घरांना अजून पूर्ण पट्टी लागते आहे. त्यातल्या एका घराची मालकीण ऐंशीच्या घरातली आहे, मुलीकडे चिपळूणला असते, दरवर्षी मनीऑर्डर केल्यासारखी पट्टी पाठवते. तिचा अर्ज मी लिहून दिला, सही घ्यायला रविवारी चिपळूणला जाणार आहे. आणि आकारणीची पूर्ण यादी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवावी असं पत्र दिलं आहे. त्यावर वाडीतल्या एकोणीस जणांनी सह्या केल्या. ग्रामसभेत काय होतं ते इथेच लिहितो.